कपाटात सहा धागे आणि समोर जखम

प्रश्न चाकणजवळच्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टी बघणाऱ्या तरुण डॉक्टरचा आहे. इंटर्नशिपला तो आमच्याच युनिटला होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, आमच्या कपाटात सिल्क, नायलॉन, प्रोलीन, व्हिक्रिल, मोनोक्रिल आणि क्रोमिक कॅटगट अशी टाक्यांच्या धाग्यांची सहा तऱ्हेची फॉइलं आहेत. सिस्टर हातात देतील त्याने मी शिवतो. पुस्तकात तक्ता आहे, पण रात्री दोन वाजता तो आठवत नाही. वर पेशंट म्हणतात, विरघळणारेच टाके घाला, नाहीतर सरळ चिकटवून द्या. काय करू?"

सिस्टर देतील त्याने शिवतोस हे कबूल केलंस, बरं झालं. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. जुन्याजाणत्या सिस्टरांनी दिलेला धागा बहुतेक वेळा बरोबरच असायचा. अडचण एवढीच की का बरोबर हे ठाऊक नसेल, तर चुकीचा धागा हातात येतो त्या दिवशीही आपल्याला पत्ता लागत नाही.

तो तक्ता पाठ करत बसू नकोस. धागा जखम भरून आणत नाही, जखम भरते ती शरीराकडून. तोपर्यंत दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवायच्या, एवढंच धाग्याचं काम. म्हणून आधी हिशेब करायचा तो दिवसांचा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी कातडीच्या जखमेत मूळ ताकदीच्या जेमतेम ५ ते १० टक्के ताकद आलेली असते. तीन आठवड्यांनी ती २०-३० टक्क्यांच्या आसपास जाते, सहा आठवड्यांनी निम्म्यावर, आणि तीन महिन्यांनी फार तर ८० टक्क्यांवर. पूर्ववत शंभर टक्के कधीच होत नाही.

आता तू विचारशील, मग चेहऱ्यावरचे टाके आपण पाचव्या दिवशी कसे काढतो? कारण चेहऱ्याच्या कातडीला फारसं कोणी ओढत नाही, रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि नीट शिवलं असेल तर खरा भार आतल्या थराच्या टाक्यांवर असतो. गुडघ्यावरची तीच लांबीची चीर मात्र प्रत्येक वेळी पाय दुमडला की ताणली जाते. तिथे टाके १४ दिवस ठेवावे लागतात. डोक्याला ७ ते १०, पोट-छातीला साधारण तेवढेच, हातापायांना १० ते १४. मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असतील, माणूस अगदीच खंगलेला असेल, तर त्यावर आणखी काही दिवस चढवायचे.

पेशंटचा आणि बऱ्याच डॉक्टरांचाही घोळ होतो तो "विरघळणारा" या शब्दाने. विरघळणाऱ्या धाग्याला (तुझ्या कपाटातले व्हिक्रिल, मोनोक्रिल आणि कॅटगट; सिल्क, नायलॉन, प्रोलीन विरघळत नाहीत) दोन तारखा असतात. त्याची ताकद संपते ती एक, आणि तो शरीरातून नाहीसा होतो ती दुसरी. आपल्या कामाची पहिली. व्हिक्रिल पूर्ण जिरायला ५६ ते ७० दिवस लागतात, पण दोन आठवड्यांनी त्याची ताकद तीन-चतुर्थांश उरते, तीन आठवड्यांनी निम्मी. मोनोक्रिल अंगात तीन-चार महिने राहतो, पण पहिल्याच आठवड्यात त्याची ३०-४० टक्के ताकद गेलेली असते आणि महिन्याभरात तो नुसता नावाला उरतो. पीडीएस हा तुझ्या कपाटात नसलेला विरघळणारा धागा चिवट आहे, चार आठवड्यांनीही त्याच्यात निम्मी ताकद असते आणि तो जिरायला सहा-सात महिने घेतो. उलट टोकाला व्हिक्रिलचा लवकर विरघळणारा भाऊ, व्हिक्रिल रॅपिड: पाचव्या दिवशी निम्मी ताकद, दोन आठवड्यांत शून्य. या चार धाग्यांचे आकडे मात्र लक्षात ठेव. बाकीचं त्यांवरून सुचतं.

क्रोमिक कॅटगट मी यात धरला नाही, कारण त्याचा भरवसा नाही. तो जनावराच्या आतड्यापासून बनतो आणि शरीरातली पाचकद्रव्यं त्याला खातात. दोन-तीन आठवडे टिकतो म्हणतात, पण जिथे सूज आणि पू असतो तिथे तो लवकर जातो, म्हणजे नेमका गरजेच्या जागी दगा देतो. व्हिक्रिल, मोनोक्रिल, पीडीएस हे पाण्याने हळूहळू तुटतात, त्यामुळे त्यांचा हिशेब बराच पक्का असतो. स्वस्त आहे आणि हाताला मऊ लागतो म्हणून आपल्याकडे कॅटगट अजून कपाटातून हलत नाही. जिभेला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला लागलंय आणि दुसरं काही नाहीये, तर वापर.

दुसरा विचार घाणीचा. धागा कितीही निर्जंतुक असला तरी तो शरीराला परका. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी माणसांच्याच कातडीवर एक प्रयोग केला होता. नुसत्या कातडीत पू व्हायला स्टॅफिलोकोकसचे लाखो जंतू टोचावे लागले, पण तिथे सिल्कचा एक टाका असला की काहीशे जंतू पुरले. सिल्क हा पिळाचा धागा आहे. त्याच्या पेडांमधून पाणी चढतं तसे जंतूही चढतात आणि पांढऱ्या पेशी त्या फटींत शिरू शकत नाहीत. नायलॉन, प्रोलीन, मोनोक्रिल हे एकाच तारेचे. त्यांच्यात लपायला जागा नाही. म्हणून घाणीची शंका असलेल्या जखमेत एकतारी धागा, आणि तोही कमीत कमी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) असताना, रुग्णालयाचं नाव नको, मुळशीकडचा एक शेतकरी आला. पायावर कोयत्याचा घाव, आणि रक्त थांबावं म्हणून घरच्यांनी त्यात मूठभर हळद भरलेली. पिवळ्याधमक मांसात काय जिवंत आणि काय मेलेलं हे कळेना, तरी मी धुतलं-पुसलं आणि मोठ्या हौसेने आत सिल्कचे सहा-सात टाके, वर कातडीचे चौदा, अशी शिंप्याला लाजवेल अशी शिलाई केली. चौथ्या दिवशी ती पायभर तटतटली. टाके कापले तर वाटीभर पू आला. पुढे पाच आठवडे त्या माणसाने ड्रेसिंगसाठी एसटीने खेपा घातल्या, आणि एकदाही मला बोल लावला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

तेव्हा शिवायचं की नाही, हा प्रश्न धाग्याच्या आधी येतो. सुश्रुतसंहितेतही हेच आहे: क्षार, आग, विष यांनी बिघडलेली, ज्यातून वारा सरतो अशी, किंवा आत रक्त वा शल्य (काट्यासारखी परकी वस्तू) अडकलेली जखम शिवू नये, आधी शोधन, म्हणजे साफसफाई, करावं. मातीची, शेणाची, चिरडलेली किंवा उशिरा आलेली जखम भरपूर पाण्याने धू. साध्या जखमेला सलाइनच हवं असं नाही, पिण्यायोग्य नळाचं पाणीही चालतं, पण धार जोराची हवी आणि वेळ द्यायला हवा. मेलेले तुकडे काप. शंका उरली तर ओल्या गॉजने सैल भरून ठेव आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत बोलाव. गुलाबी, कोरडी दिसली तर तेव्हा शिव. याला कोणी कमीपणा समजत नाही. सहा तासांच्या आत आली तर शिवायची, नंतर नाही, हा जुना नियम १८९८ मध्ये फ्रिडरिश या जर्मन सर्जनने गिनिपिगांवर केलेल्या प्रयोगांतून आलेला आहे. घड्याळाकडे बघण्यापेक्षा जखमेकडे बघ. स्वच्छ धारेने कापलेला चेहरा १२-१८ तासांनीही शिवता येतो. चाकणच्या कारखान्यात ग्राइंडरखाली चिरडलेलं बोट दोन तासांत आलं तरी थांबावं लागतं.

कुत्रा चावल्याचे पेशंट तुझ्याकडे रोज येत असतील. तिथे सुई-धागा बाजूलाच ठेव. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुणं, आणि हे काम नातेवाईकांवर सोडायचं नाही. मग रेबीजची लस, आणि रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) जखमेच्या आत आणि कडेने. चेहरा फाटलाय किंवा रक्त थांबत नाही म्हणून शिवावंच लागलं, तर इम्युनोग्लोब्युलिन भरून झाल्यावर, काही तास जाऊ देऊन, अगदी मोजके सैल टाके. भांडणात दुसऱ्याच्या दाताला मूठ लागून पेरावर फाटलेली जखमही अशीच. ती उघडी ठेवायची. पेशंट "दारात लागलं" असं सांगतो, त्यावर जाऊ नकोस.

आता जागेप्रमाणे बोलू. चेहऱ्याला ५-० किंवा ६-० चा (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक) नायलॉन अथवा प्रोलीन, कडेपासून २-३ मिलिमीटरवर. पाचव्या दिवशी काढले नाहीत तर शिडीसारखे डाग पडतात आणि ते आयुष्यभर दिसतात. भुवई कधीही भादरायची नाही. ती नीट परत येईल याची खात्री नसते, आणि जुळवायची खूणही जाते. भुवईत, दाढीत, केसांत निळा प्रोलीन घे, कारण काळा नायलॉन काढायच्या दिवशी केसांत सापडत नाही. ओठ फाटला असेल तर गुलाबी आणि कातडीची सीमारेषा भूल द्यायच्या आधी पेनाने खूण करून ठेव. भुलीच्या इंजेक्शनने ओठ सुजला की ती रेषा हरवते, आणि एक मिलिमीटरची पायरीही समोरच्याला दिसते. पहिला टाका त्या रेषेवर. लहान मुलाच्या चेहऱ्याला मी व्हिक्रिल रॅपिड वापरते. पाचव्या दिवशी चार जणांनी धरून टाके काढण्यापेक्षा ते पोराला आणि आईलाही सोसतं, व्रणही तितकाच चांगला येतो.

डोक्याची जखम वाहते फार, म्हणून सगळे घाबरतात. तिथे ३-० नायलॉनने जाड, सगळ्या थरांतून घेतलेला टाका हेच रक्त थांबवायचं औषध. मात्र शिवण्याआधी हातमोज्याचं बोट आत घालून कवटीला फट लागते का ते बघ. केस लांब असतील आणि चीर छोटी, तर दोन्ही बाजूंच्या बटा एकमेकींत पिळून वर गोंदाचा थेंब टाकला तरी भागतं. हाताला ४-० किंवा ५-० नायलॉन. पण भूल देण्यापूर्वी प्रत्येक बोट वाकवून-सरळ करून घे आणि टोकाला स्पर्श कळतो का ते विचार. विळीवर कापलेल्या हातात कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेली असते आणि आपण वरून सुंदर शिवून देतो. महिन्याने पेशंट येतो तो बोट वाकत नाही म्हणून. तेव्हा टाके कितीही देखणे असले तरी काय उपयोग?

संक्रांतीच्या आठवड्यात पुण्यात मांजाने मान चिरलेले दुचाकीवाले येतात. मानेची जखम कातडीच्या खालच्या पातळ स्नायूच्या आत गेली असेल तर तुझ्या कॅज्युअल्टीत ती चाचपायची नाही आणि शिवायचीही नाही. दाबून धर, आणि ऑपरेशन थिएटर व रक्तवाहिन्यांचा (व्हॅस्क्युलर) सर्जन आहे अशा ठिकाणी पाठव.

पेशंटच्या दुसऱ्या हट्टाकडे येते. "चिकटवून द्या." यावर पुण्याचा एक किस्सा आहे, तो मी दर बॅचला सांगते. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासकट त्याची हकीकत छापून आली. त्यातून युरोपात नाकाच्या प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली, हे सगळेच सांगतात. मला भावते ती त्यातली बारीक गोष्ट. टाका एकही नव्हता. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावल्या, चार दिवस तशाच ठेवल्या, मग तूप लावलेलं कापड. म्हणजे विड्यातल्या काताने नाक चिकटवलं.

ते टिकलं, कारण पट्टीवर ताण नव्हता. आजचा सायनोअॅक्रिलेट गोंदही त्याच अटीवर चालतो. सरळ, छोटी, कोरडी, कडा आपोआप जुळणारी चीर, कपाळावर किंवा हनुवटीखाली, त्यावर गोंद उत्तम. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी हनुवट्या फोडून आलेली पोरं आठव. सांध्यावर, तळहातावर, ओठावर, चावलेल्या किंवा मळलेल्या जखमेवर गोंद नको. जखमेच्या आत तो जाता कामा नये, वरून पातळ थर द्यायचा. डोळ्याजवळ असेल तर पापणी गॉजने झाक, पेशंटला असं झोपव की ओघळ डोळ्यापासून दूर जाईल. आणि घरी पाठवताना बजाव: वर मलम किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, त्याने गोंद सुटतो. पाच ते दहा दिवसांत पापुद्रा आपणच पडतो. आणि दुकानातला फेविक्विक हा औषधी गोंद नव्हे. तो लावून आलेले दोघे मी पाहिलेत, त्यांना काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोट बंद करण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, लागशील तेव्हा उपयोगी पडेल. पोटाच्या मधल्या चिरेत भार पेलतो तो पांढरा पडदा, आणि त्याला ताकद यायला महिने लागतात, म्हणून तिथे पीडीएससारखा हळू जिरणारा धागा. धाग्याची लांबी चिरेच्या चौपट तरी जायला हवी, हा हिशेब जेन्किन्स या सर्जनने १९७६ मध्ये मांडला. ऑपरेशननंतर पोट फुगतं तेव्हा चीर ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकते, आणि आखडून शिवलेला धागा पडद्याला चिरत जातो. २०१५ मध्ये हॉलंडमधल्या एका मोठ्या चाचणीत ५-५ मिलिमीटरवर घेतलेले बारीक टाके आणि सेंटिमीटरचे मोठे टाके यांची तुलना झाली. एका वर्षाने व्रणातला हर्निया (शिवलेल्या जागेतून आतलं बाहेर फुगणं) मोठ्या टाक्यांत २१ टक्के, बारीक टाक्यांत १३. ती ठरवून केलेली ऑपरेशनं होती, रात्रीच्या फुटलेल्या आतड्याची नव्हेत, हेही ध्यानात ठेव. तरी मी स्वतः त्यानंतर हात बदलला. वेळ दहा मिनिटं जास्त लागतो. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतात, बघू देत.

सुईबद्दल फार सांगत नाही. कातडीला रिव्हर्स कटिंग (बाकाच्या बाहेरच्या बाजूला धार असलेली), आत मऊ ठिकाणी गोल. सुश्रुतानेही कमी मांसाच्या जागी गोल, मांसल जागी तीन धारांची आणि पोटाला धनुष्यासारखी वाकडी सुई सांगितलीय. त्याच्या शिवणीच्या चार प्रकारांतला एक तुन्नसेवनी, म्हणजे आपलं तुणणं, रफू. रफूगर कापड आवळत नाही हे कधी बघितलंयस? तसंच. आज सैल वाटलेला टाका उद्या सूज आली की आपोआप घट्ट होतो. आज घट्ट बांधलेला उद्या कड काळी करतो. कडा किंचित वर उचललेल्या दिसल्या पाहिजेत, आत वळलेल्या नकोत. गाठींचं म्हणशील तर सिल्कला तीन वेढे पुरतात, नायलॉनला चार-पाच लागतात, कारण तो घडी विसरत नाही आणि उलगडायला बघतो.

एक तक्रार करून घेते. उरलेला धागा स्पिरिटच्या वाटीत ठेवून पुढच्या पेशंटला वापरायची सवय लहान रुग्णालयांत अजून दिसते. व्हिक्रिलचं फॉइल फोडलं की हवेतल्या ओलाव्यानेच त्याचं झिजणं सुरू होतं. वाटीतला धागा निर्जंतुक नाही आणि त्यात ताकद किती उरलीय हे कोणालाच ठाऊक नाही. तुझ्याकडे हे चालत असेल तर पहिल्यांदा ते बंद कर. मोनोक्रिल की व्हिक्रिल हा वाद नंतर.

तुझ्या कपाटासाठी माझी निवड: ३-०, ४-० आणि ५-० नायलॉन भरपूर, ६-० प्रोलीन थोडा, आतल्या थरासाठी ३-० आणि ४-० व्हिक्रिल, आणि साहेबांना पटवून एक खोका व्हिक्रिल रॅपिड. मोनोक्रिल महाग आहे. ठरवून केलेल्या स्वच्छ चिरेत कातडीच्या आतून धावदोरा घालायला तो सुरेख, कॅज्युअल्टीत क्वचित लागेल. सिल्क फेकू नकोस, ड्रेन आणि नळ्या बांधायला त्याच्यासारखं काही नाही.

आणि विरघळणारे टाके मागणाऱ्या पेशंटचं ऐक, कारण बहुतेकांच्या मनात दुखण्याची भीती नसते, रजेचा प्रश्न असतो. तुझ्याकडचे निम्मे कामगार कंत्राटी, टाके काढायच्या दिवसापर्यंत ते बीडला किंवा बिहारला पोचलेले असतात. माझ्याकडे दीड महिन्याने मांसात रुतलेले टाके घेऊन माणसं आलीत. म्हणून कार्डावर ठळक अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिही: एकूण टाके किती, कोणत्या तारखेला काढायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की नाही. टाक्यांचा आकडा विसरू नकोस, कारण ते काढणारा गावाकडचा कंपाउंडर मोजूनच काढेल.